धाग्याने पाडलेली खाच : आमची वाटचाल

माझ्या वडिलांनी सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमागांवर २७ वर्षे जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती पाहणारे कारागीर, म्हणून काम केले. टॉवेलचा धागा मध्येच का तुटतो हे शोधताना ते सर्वांत आधी धागा ज्यातून जातो त्या गाईडच्या आतल्या कडेवरून नख फिरवीत. पोलादी गाईड काही आठवडे चालले की त्याच्या कडेला केसाएवढी खाच पडलेली असे. त्या खाचेत धाग्याचे तंतू पिंजत, ताण कमी-जास्त होई आणि अखेर धागा तुटे. धाग्यासारखी मऊ वस्तू पोलाद कापते हे मला लहानपणी खरे वाटत नसे. कापसासोबत आलेली बारीक धूळ आणि पॉलिस्टरची चमक कमी करण्यासाठी त्यात मिसळलेली टायटॅनियम डायऑक्साइडची पूड यांमुळे धावता धागा बारीक कानशीसारखे काम करतो, हे मला पुढे कळले. आमच्या सिरॅमिकचे भाग बनवण्याच्या व्यवसायाची सुरुवात त्या खाचेपासून झाली.

२२ वर्षांपूर्वी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक गाळा भाड्याने घेऊन आम्ही बाहेरून आणलेली अल्युमिनाची गाईडे विकू लागलो. अल्युमिना हे एक सिरॅमिक, म्हणजे बॉक्साइटपासून मिळणारे अल्युमिनियमचे ऑक्साइड. मोह्सच्या कठीणपणाच्या मापपट्टीवर हिरा १० वर असतो आणि अल्युमिना ९ वर. ते गंजत नाही, बहुतेक आम्लांना दाद देत नाही, वीज वाहू देत नाही आणि २००० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्याशिवाय वितळत नाही. गिऱ्हाइकांना मात्र एकच गोष्ट पटली, ती म्हणजे वर्षभरानंतरही गाईडच्या कडेला नख अडकत नाही. चार वर्षे असा व्यापार केल्यावर, मागणी मुख्यतः आपल्याच गावाची असताना माल दूरवरून का आणायचा, या विचाराने आम्ही स्वतः उत्पादनात उतरलो.

सिरॅमिकचा नग धातूसारखा ओतता येत नाही, आणि एकदा भाजला की हिऱ्याच्या चाकाशिवाय घासताही येत नाही. म्हणून त्याचा आकार कच्चा असतानाच ठरवावा लागतो. अल्युमिनाच्या अतिसूक्ष्म पुडीत चिकटद्रव्य मिसळून तिचे रव्यासारखे दाणे करतात, ते पोलादी साच्यात भरून प्रेसवर दाबतात आणि मिळालेला खडूसारखा नाजूक नग भट्टीत १६०० अंशांच्या आसपास भाजतात. पूड तिथे वितळत नाही, तिचे कण एकमेकांना सांधत जातात, मधल्या पोकळ्या बुजतात आणि संपूर्ण नग आकसतो. आमच्या मिश्रणात ही घट प्रत्येक बाजूला सुमारे १७ टक्के असते. याचा अर्थ १० मिलिमीटरचे भोक हवे असेल तर साचा १२.०५ मिलिमीटरचा करावा लागतो, आणि भट्टीतून बाहेर येताना नगाचे आकारमान जवळजवळ ४३ टक्क्यांनी कमी झालेले असते. सर्वत्र सारखे दाबले गेले नसेल तर घटही सारखी होत नाही आणि गोल भोक लंबगोल होते. दाब देताना आमचे कारागीर इतकी काळजी का घेतात, हे पाहुण्यांना समजावताना मी नेहमी हाच हिशेब मांडतो.

आमची पहिली मोठी खेप ६०० नगांची होती आणि ती पूर्ण वाया गेली. चूक माझी होती. चिकटद्रव्य साधारण २०० ते ५०० अंशांच्या दरम्यान जळून वायू होऊन बाहेर पडते. त्या टप्प्यात तापमान ताशी २०-३० अंशांपेक्षा वेगाने वाढवू नये हे वाचलेले असूनही, ऑर्डरची तारीख गाठण्यासाठी मी भट्टी घाईने चढवली. वरून सगळे नग पांढरेशुभ्र आणि निर्दोष दिसत होते. वडिलांनी माठ घेताना वाजवतात तसा एकेक नग बोटाच्या पेराने वाजवून पाहिला आणि काही न बोलता बद्द आवाजाचे नग बाजूला ठेवत गेले. आम्ही ते लाल रंगाच्या पाण्यात बुडवून धुतले तेव्हा प्रत्येकावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेघा उमटल्या. आजही प्रत्येक खेपेची तपासणी आवाज आणि रंग या दोन्हींनी होते, आणि भट्टीचा वेग मालकानेही बदलू नये असा आमच्याकडे नियम आहे.

पुढे पृष्ठभागाने आम्हाला बरेच शिकविले. गुळगुळीत असेल तितके चांगले, अशी आमची समजूत होती, आणि टॉवेलच्या सुती धाग्यासाठी ती बरोबरही ठरली, कारण आरशासारख्या कडेवर त्याचे तंतू ओढले जात नाहीत. अखंड तंतूच्या पॉलिस्टर धाग्याला मात्र तीच कड धरून ठेवते, कारण गुळगुळीत धागा गुळगुळीत पृष्ठभागाला अधिक भागावर चिकटतो आणि घर्षण वाढते. त्याला संत्र्याच्या सालीसारखा किंचित खरबरीत, पण टोके गोलावलेला पृष्ठभाग लागतो. तेव्हापासून आम्ही दर सांगण्याआधी धागा कोणता, हे विचारतो.

सिरॅमिकचा दोषही आम्ही गिऱ्हाइकापासून लपवीत नाही. पोलाद वाकते आणि इशारा देते, पण अल्युमिना न वाकता एकदम तुटते. दाब ते उत्तम सोसते, ताण आणि ठोका सोसत नाही. एका भट्टीसाठी आम्ही तापमान मोजण्याच्या नळ्या दिल्या होत्या. त्या थंड असतानाच तापलेल्या भट्टीत खुपसल्या गेल्या आणि पहिल्याच दिवशी तडकल्या. अल्युमिना १५०० अंशांत महिनोन्महिने राहू शकते, पण एकदम २०० अंशांचा फरक बसला तरी तडकू शकते, हे आम्ही लिहून द्यायला हवे होते. आता प्रत्येक खोक्यात मराठी आणि तेलुगू अशा दोन भाषांतील सूचनापत्र असते : नगाखाली फायबरचा वॉशर घालावा, स्क्रू हाताने जुळवून मग बेताने आवळावा, हातोडी लावू नये. ज्या जागी सतत ठोका बसतो तिथे सिरॅमिक बसवू नका, असे सांगून आम्ही काही ऑर्डरी परतही केल्या आहेत.

धाग्याबाहेरचे काम साखर कारखान्यांमुळे आले. सोलापूर जिल्ह्यात गाळपाचा हंगाम सुरू झाला की पंप थांबून चालत नाही, आणि चुना मिसळलेल्या द्रवाने पंपाच्या दांड्यावरील पोलादी बाही लवकर झिजते. तिथे आम्ही झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियमचे ऑक्साइड, वापरतो. इट्रिया (इट्रियमचे ऑक्साइड) मिसळून स्फटिकरचना स्थिर केलेल्या या पदार्थात तडा पुढे सरकू लागला की त्याच्या टोकाजवळचे स्फटिक आपली रचना बदलून सुमारे ४ टक्के फुगतात आणि तडा दाबून धरतात. हा गुण १९७५ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिला. झिर्कोनिया महाग आहे आणि अल्युमिनापेक्षा दीडपट जड आहे, तरी जिथे थोडा धक्का अटळ असतो तिथे आम्ही तेच सुचवितो. सध्या आमच्या ग्राइंडरवर अशाच १२ बाह्या आहेत. हिऱ्याच्या चाकाने एका फेरीत मिलिमीटरचा शंभरावा भागच काढायचा असल्याने एका बाहीला जवळजवळ संपूर्ण पाळी लागते.