पाऱ्याचा धोका पेशंटपेक्षा स्टाफला जास्त

थर्मामीटर फुटला की घरातले सगळे आधी हेच विचारतात, पोराने पारा गिळला तर? गिळलेला पारा पोटातून रक्तात फारसा जातच नाही, बहुतेक शीवाटे निघून जातो. खरा प्रॉब्लेम वाफेचा आहे. पारा खोलीतल्या साध्या तापमानालाही हळूहळू उडत असतो, त्या वाफेला ना रंग ना वास, आणि श्वासातून आत गेली की त्यातली ८० टक्क्यांच्या आसपास फुप्फुसातून रक्तात उतरते.

मी वॉर्डात सिस्टर आहे. थर्मामीटरमध्ये पारा जेमतेम ग्रॅमभर, पण जुन्या उभ्या बीपी मशीनमध्ये शंभरेक ग्रॅम असतो, आणि आमच्याकडे ती मशीन बिघडली की रिपेअरवाले दादा यायचे, स्टाफरूमच्या टेबलावर पेपर पसरायचे, काळपट पडलेला पारा फडक्यातून गाळायचे आणि सिरिंजने परत भरायचे, हातात ग्लोव्हज नाहीत, वर पंखा फुल स्पीडवर आणि शेजारी आमचे जेवणाचे डबे. खाली सांडलेलं मावशी झाडूने लोटायच्या. झाडू फिरला की एका गोळीच्या पन्नास बारीक गोळ्या होतात, त्या फरशीच्या फटीत जाऊन बसतात आणि महिनोन्‌महिने वाफ सोडत राहतात. आम्हाला बीपी घ्यायला शिकवलं, पण सांडलेला पारा उचलायला कुणीच शिकवलं नाही, याचा मला अजून राग येतो.

कारण लक्षणं बघा ना, हात थरथरणं, झोप उडणं, चिडचिड, विसरायला होणं, हिरड्या सुजणं, पुढे किडनीला त्रास. नाइट ड्युटी करणाऱ्या बाईला हे झालं तर पाऱ्यावर संशय कोण घेणार? टेन्शन आहे, वय झालंय, एवढंच म्हणणार. आणि प्रेग्नंट सिस्टरच्या शरीरातून ही वाफ बाळापर्यंत पोचते.

थर्मामीटर बनवणाऱ्यांचे हाल तर विचारू नका. कोडाईकनालचा कारखाना अमेरिकेत बंद झालेला प्लांट इकडे आणून उभा केलेला, नंतर तो हिंदुस्तान लिव्हरकडे आला. २००१ मध्ये पारा लागलेल्या काचा गावातल्या भंगारात सापडल्या तेव्हा तो बंद झाला, आणि ५९१ माजी कामगारांबरोबर कंपनीची तडजोड व्हायला २०१६ उजाडलं!

पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार भारताने २०१८ ला मान्य केला, आता डिजिटल मशीन सगळीकडे मिळतात, तरी कुठल्या ना कुठल्या दवाखान्याच्या कपाटात जुनं मशीन असतंच. ते फुटलं तर पंखा-एसी बंद करा, खिडक्या उघडा, माणसं बाहेर काढा, हातातली सोन्याची अंगठी काढून ठेवा. ग्लोव्हज घालून जाड कागदाने गोळ्या एकत्र करा, सिरिंजने ओढून थोडं पाणी घातलेल्या प्लास्टिकच्या डबीत टाका, झाकण घट्ट लावा, वर पारा लिहा आणि इनचार्जकडे द्या. व्हॅक्युम क्लीनर अजिबात नको. आणि प्लीज, दवाखान्यातल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकू नका, ती जाळायला जाते आणि जाळला की सगळा पारा हवेत.