पिवळा दिवा

लाल दिवा लागला की माणूस थांबतो, हिरव्याला जातो. पिवळ्याचं काय करायचं हे आपल्याला चौकातसुद्धा कधी धड ठरवता आलेलं नाही. तो गेल्या पावसाळ्यात आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर येऊन बसला. चित्र म्हणे इंजिनाचं असतं. मला ते पहिल्यापासून नळाच्या तोटीसारखं दिसतं.

गाडी २०१४ सालची. पळत होती छान, म्हणून आठ दिवस दुर्लक्ष केलं. ‘अहो, तो दिवा?’ असं बायकोने विचारलं की ‘सेन्सर असेल’ म्हणायचो. हे उत्तर कुठेही खपतं. मग एका मित्राने रामबाण उपाय सांगितला: बॅटरीची वायर पंधरा मिनिटं काढून ठेव. ठेवली. दिवा गेला. तिसऱ्या दिवशी परत आला. घड्याळाची वेळ आणि रेडिओवर लावून ठेवलेली स्टेशनं मात्र गेली ती गेलीच.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. ‘सर, ऑक्सिजन सेन्सर गेला. साडेचार हजार, मजुरी वेगळी.’ स्क्रीनवर पी ०१३५ असा कोड होता. तो लिहून घेतला आणि घरी येऊन वाचत बसलो. हा सेन्सर सायलेन्सरच्या वाटेवर बसून धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते हुंगतो. पण तीनेकशे अंशांच्या आसपास तापल्याशिवाय त्याचं नाक उघडत नाही, म्हणून त्याच्या पोटात एक चिमुकला हीटर असतो. कोडचं म्हणणं एवढंच होतं की त्या हीटरच्या सर्किटमध्ये गडबड आहे. म्हणजे घरातला पंखा फिरत नाही म्हणावं, तशी तक्रार. पंखा जळालाय, बटण गेलंय की मध्ये वायर तुटलीय, हे कोडने सांगितलंच नव्हतं. ते गॅरेजवाल्याने स्वतःच्या पदरचं घातलं होतं. माझ्या पदरचे साडेचार हजार धरून.

मागच्या गल्लीत गाड्यांचं वायरिंग करणारे एक काका आहेत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘दिवा लुकलुकत होता की नुसता पेटलेला?’ नुसता पेटलेला, म्हटलं. ‘मग ठीक. लुकलुकला असता तर इथवर चालवत आणायची नव्हती.’ लुकलुकणं म्हणजे एखादा सिलिंडर मिस मारतोय, न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून काढतंय. तो गेला की सेन्सरची किंमत चिल्लर वाटते.

त्यांनी सेन्सरचं कपलर सोडवलं. चार वायरी, त्यातल्या एकाच रंगाच्या दोन हीटरच्या. मीटर लावला: सहा ओहम. ‘सेन्सर ठणठणीत आहे हो तुमचा.’ मग किल्ली फिरवून गाडीच्या बाजूचं कपलर तपासलं. तिथे बारा व्होल्ट हवे होते, आला भोपळा. फ्यूज शाबूत. काका वायर बोटांनी चाचपत वर वर सरकले आणि बॅटरीच्या मागे थबकले. तिथे शेंगदाण्याची टरफलं होती, आमच्याच पायपुसण्याचा काथ्या होता आणि कुरतडून तोडलेली वायर. गणपती आठ दिवसांवर आले होते, त्यामुळे उंदराला शिव्या घालायचीही सोय नव्हती.

डाग दिला, स्लीव्ह चढवली, टेप गुंडाळली. दोनशे रुपये. कोड पुसला.

मी तोवर ब्लूटूथवाला एक स्वस्त स्कॅनर मागवला होता. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये तो खुपसला आणि गाडी गरम झाल्यावर मोबाइलवर त्या सेन्सरचा आलेख बघत बसलो. व्होल्टेज ०.१ वरून ०.९ वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा, हे प्रमाण साधायला इंजिन सतत धडपडतं आणि कधी थेंबभर जास्त, कधी थेंबभर कमी करत त्याच्या आजूबाजूला झुलत राहतं. वीस मिनिटं पाहिलं. बायको वरून खिडकीतून हाका मारत होती.

काकांच्या सांगण्यावरून बॉनेटखाली तंबाखूच्या पानांची पुडी बांधली. एसी लावला की गाडीत पानटपरीचा वास येतो, पण वायरी वाचतात म्हणे. रोज किल्ली फिरवली की सगळे दिवे क्षणभर लागतात, त्यात तो पिवळाही असतो. इंजिन सुरू होऊन तो विझेपर्यंत मी गिअर टाकत नाही.

परवा बॉनेट उघडलं. वायरी शाबूत होत्या. पुडी जागेवर नव्हती.