सोडलेली, पण कुणी न नेलेली मेमरी

नाईट ऑडिट म्हणजे काय हे हॉटेलबाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. हॉटेलचा दिवस रात्री बाराला संपत नाही, नाईट ऑडिटर तो बंद करतो तेव्हा संपतो. साधारण अडीचच्या सुमारास प्रत्येक खोलीचं भाडं फोलिओवर, म्हणजे पाहुण्याच्या चालू बिलावर, चढतं, बार-रेस्टॉरंटची बिलं जुळवली जातात, जीएसटीचा हिशेब होतो आणि मग कुठे तारीख पुढे सरकते. आम्ही पर्वरीत बसून उत्तर गोव्यातल्या हॉटेलांसाठी हे सगळं करणारं सॉफ्टवेअर चालवतो. बाकी दिवसभर फोन उचलायचे आणि "प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय"ला उत्तरं द्यायची, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

ही गोष्ट 2019च्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तोंडावरची. चवथ सोमवारी, 2 सप्टेंबरला होती. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आल्यामुळे हॉटेलं भरलेली, आणि आमचं ऑफिस माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर फळाफुलांचं छत बांधायच्या, तयारीला घरी गेल्यामुळे अर्धं रिकामं. कांदोळीच्या एका हॉटेलातून फ्रंट ऑफिस मॅनेजर बाईंचा फोन आला.

"अरे, लॉबीत बॅगा घेऊन माणसं उभी आहेत आणि तुमचा स्क्रीन नुसता गोल गोल फिरतोय. रोज हीच वेळ! कितें सांगू मी त्यांका?"

रोज हीच वेळ म्हणजे साडेदहा. चेकआऊट अकराचा. म्हणजे वैऱ्यानेसुद्धा निवडली नसती अशी वेळ.

साडेदहाला काय होत होतं ते आम्हाला माहीत होतं. सर्व्हर सांभाळणारे आमचे ज्येष्ठ सहकारी, ज्यांना ऑफिसात सगळे भाई म्हणतात, त्यांनी पूर्वी कधीतरी एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कमांडची छोटी फाइल, लिहिली होती. तिचं नाव राखणदार, गोव्यात गावाची राखण करणाऱ्या देवाला म्हणतात तसं. दर पाच मिनिटांनी ती आमच्या सर्व्हिसची रेसिडेंट मेमरी, म्हणजे सर्व्हिसच्या नावावर असलेली मशिनची मेमरी, बघते. आकडा चार जीबीच्या वर सलग आठ तास राहिला की सर्व्हिस बंद करून परत उठवते आणि भाईंना मेल टाकते. आठ तास का, तर नाईट ऑडिटला मेमरी लागणारच, ती उतरायला वेळ द्यावा, पण आठ तासांतही उतरली नाही तर ती गळती (लीक), म्हणजे प्रोग्राम घेतलेली मेमरी सोडतच नाही. नियम शहाणपणाचा होता, हे मी आजही म्हणतो. पण अडीचमध्ये आठ मिळवले की साडेदहा होतात. राखणदार रोज नेमका चेकआऊटच्या वेळी रोट, म्हणजे आपला नैवेद्य, मागायला लागला होता. सर्व्हिस उठल्यावर सगळे लॉगिन गेलेले, दर आणि उपलब्धतेचा कॅश (हाताशी ठेवलेली माहिती) नव्याने भरायचा. चार-पाच मिनिटं काउंटर आंधळा.

वरून हुकूम आला, लीक शोधा. आमच्याकडे 'मेमरी लीक' हे निदान डासांच्या दिवसांत डेंग्यूचं होतं तसं आधीच ठरलेलं असतं, तपासणी नंतर. दोन नवीन पोरं आठवडाभर प्रोफायलर, म्हणजे मेमरी कुठे जाते ते दाखवणारं टूल, लावून बसली होती. त्यांना काही सापडलं नाही, म्हणून त्यांनाच बोलणी बसत होती. पोरांचं बिचाऱ्यांचं काम चोख होतं. आमची सर्व्हिस गो भाषेत लिहिलेली आहे. गोचा रनटाइम, म्हणजे प्रोग्रामसोबत चालणारी तिची यंत्रणा, स्वतःचे आकडे देतो, ते त्यांनी लिहून ठेवले होते: हीपमध्ये (प्रोग्रामने डेटासाठी घेतलेल्या मेमरीत) वापरात जेमतेम चारशे एमबी, आणि 'रिलीज्ड', म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमला परत केलेली, जवळपास पाच जीबी. टॉप, म्हणजे मशिनवर काय चाललंय आणि कोण किती मेमरी घेतंय ते दाखवणारी कमांड, मात्र त्याच प्रोसेससमोर 5.6 जीबी दाखवत होता. प्रोग्राम म्हणतो मी परत दिली, सिस्टीम म्हणते याच्याकडेच आहे. मीटिंगमध्ये सगळ्यांनी सिस्टीमवर विश्वास ठेवला. प्रोग्राम आपला, त्यामुळे खोटा तोच असणार.

मला पहिला धागा मिळाला तो मिरामारच्या एका जुन्या हॉटेलात. त्यांचा सर्व्हर त्यांच्याच बॅक ऑफिसात, इन्व्हर्टरच्या शेजारी धूळ खात असतो, आणि त्यावर सेंटओएस 7 ही लिनक्स आहे. आमच्या सॉफ्टवेअरचा बिल्ड तोच, नाईट ऑडिट तेच. तिथे ऑडिट संपल्यावर थोड्या वेळाने आकडा मुकाट्याने खाली यायचा. कांदोळीचं हॉटेल भाड्याच्या नव्या मशिनवर, उबुंटू 18.04 या दुसऱ्या लिनक्सवर होतं, तिथे यायचा नाही. भाईंचा निष्कर्ष: नवं मशीन खराब. प्रोजेक्ट मॅनेजरचा निष्कर्ष: मशीन भाड्याने देणाऱ्याला कडक मेल पाठवा. सेंटओएस 7 चा कर्नल, म्हणजे मेमरी वाटणारा लिनक्सचा गाभा, 3.10 आणि या उबुंटूचा 4.15, याकडे कुणी बघितलं नव्हतं.

दुसरा धागा त्याच नव्या मशिनवर उघडा पडलेला होता. मशीन सोळा जीबीचं. टॉपमध्ये एकट्या आमच्या सर्व्हिसचे 5.6 जीबी, आणि मशिनच्या मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या 'फ्री' कमांडच्या 'अव्हेलेबल' (मागितली तर देता येईल अशी) रकान्यात चौदाच्या आसपास. बेरीज करून बघा. सोळा जीबीच्या मशिनमध्ये वीस जीबी बसत नाहीत, म्हणजे मेमरीची काही पानं (सिस्टीम मेमरी अशा छोट्या तुकड्यांत मोजते) दोन्हीकडे मोजली जात होती.

इथे थोडं आत शिरावं लागेल. मेमरीबद्दल प्रोग्राम कर्नलला सूचना देऊ शकतो, त्यासाठी 'मॅडवाइज' नावाचा सिस्टीम कॉल, म्हणजे कर्नलशी बोलण्याचा ठरलेला मार्ग, आहे. हा भाग मी क्रमाने वाचणार आहे, हा तुकडा लवकरच लागेल, हा आता नको, अशा सूचना. नावात सल्ला असला तरी लिनक्सवर सगळेच सल्ले सल्ले नाहीत. 'डोन्टनीड' दिलं की प्रोग्रामच्या हीपसारख्या खासगी मेमरीची पानं तिथल्या तिथे जातात, आणि पुढच्या वेळी त्या पत्त्यावर वाचलं तर शून्यं मिळतात. हा सरळ हुकूम झाला. गंमत म्हणजे पॉझिक्सच्या (युनिक्ससारख्या सिस्टीमच्या समान मानकाच्या) नावाने ग्लिबसीत, म्हणजे लिनक्सच्या मूलभूत लायब्ररीत, जो तसाच कॉल आहे, त्याला हेच 'डोन्टनीड' सांगितलं तर तो काहीच करत नाही, कारण पॉझिक्सप्रमाणे सल्ल्याने डेटा जाता कामा नये.

लिनक्स 4.5 मध्ये, 2016 साली, 'फ्री' नावाचा सल्ला आला (वरच्या 'फ्री' कमांडशी याचा संबंध नाही). फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमीत तो आधीपासून होता. हा मात्र खरा सल्ला. प्रोग्राम सांगतो, यातला मजकूर मला नको. कर्नल म्हणतो, बरं, आणि पान जागेवरच ठेवतो. फक्त 'यावर लिहिलं गेलंय' ही त्या पानाची खूण पुसतो आणि पान लवकर उचलायच्या रांगेत लावतो. मशिनला मेमरी कमी पडली की रांगेतली पानं उचलली जातात, पण उचलण्याआधी कर्नल खूण बघतो. मधल्या काळात प्रोग्रामने पुन्हा लिहिलं असेल तर खूण परत आलेली असते, मग ते पान सोडून दिलं जातं. 4096 बाइटचं एकेक पान काढा, पुन्हा मागा, शून्यांनी भरा, हा सगळा व्याप वाचतो. मला हे डिझाइन फार देखणं वाटतं. एका बिटावर सगळा व्यवहार!

फेब्रुवारी 2019 मध्ये आलेली गो 1.12 लिनक्सवर हाच सल्ला वापरू लागली. कर्नलला तो ठाऊक नसेल तर गो गपचूप 'डोन्टनीड'वर उतरते. मिरामारचं 3.10 तेच करत होतं. नव्या मशिनवर पाच जीबी खरोखरच परत केलेले होते, फक्त कुणाला त्यांची गरज पडली नव्हती म्हणून उचलले नव्हते. रेसिडेंटचा आकडा कुठली पानं प्रोसेसला जोडलेली आहेत एवढंच सांगतो, ती कुणाला हवी आहेत का, हे त्याला ठाऊक नसतं. आणि हे सगळं गो 1.12 च्या रिलीज नोट्समध्ये स्पष्ट छापलेलं होतं: आकडा जास्त दिसू शकतो, जुनं वागणं हवं असेल तर अमुक सेटिंग करा. आमच्याकडे रिलीज नोट्स वाचायची पद्धत नाही, पोस्टमॉर्टेमचे टेम्प्लेट मात्र तीन प्रकारचे आहेत.

भाईंना तोंडी सांगून पटणार नाही हे माहीत होतं, म्हणून टेस्टच्या मशिनवर तोच प्रसंग उभा केला. कांदोळीच्या जुन्या डेटावर नाईट ऑडिट चालवलं, थोडं थांबलो आणि भाईंना खुर्ची दिली. टॉपमध्ये 5.6. मग 'प्रॉक'मधली, म्हणजे कर्नल जिथे प्रत्येक प्रोसेसची माहिती मांडतो तिथली, 'एसमॅप्स रोलअप' फाइल उघडली. तिच्यात 'लेझीफ्री' अशी एक ओळ असते, 'फ्री' सल्ल्याने सोडलेल्या पण अजून न उचललेल्या पानांची, तिथे 4.9 जीबी.

"ही ओळ मी कधी बघितली नाही," भाई म्हणाले.

"कर्नल 4.12 पासून आहे."

शेजारच्या खिडकीत मशिनवर मुद्दाम ताण देणाऱ्या 'स्ट्रेस' टूलला बारा जीबी घ्यायला लावले. सर्व्हिसला हात लावला नाही. दोन-तीन सेकंद काही नाही, मग टॉपचा आकडा घसरायला लागला. 5.1. 3.8. 2.2. शेवटी 0.7 वर येऊन थांबला. तिसऱ्या खिडकीत मी दर सेकंदाला सर्व्हिसकडून खोल्यांची उपलब्धता मागत होतो, ती शांतपणे उत्तर देत होती. भाईंनी चष्मा काढला, पुसला, म्हणाले, "परत दाखव." परत दाखवलं. मग ते बराच वेळ त्या 'लेझीफ्री'च्या ओळीकडे बघत बसले. ज्या माणसाने आयुष्यभर टॉप बघून मशिनं सांभाळली, त्याला त्याच टॉपवर शंका घ्यायला लावणं फार सुखाचं नसतं.

कांदोळीच्या बाईंना समजावणं त्याहून सोपं गेलं. मी अर्धंच वाक्य बोललो असेन.

"म्हणजे व्हेकंट डर्टी!" त्या म्हणाल्या.

हाऊसकीपिंगच्या बोर्डावर खोलीची ही एक अवस्था असते. पाहुणा गेला, खोली अजून झाडलेली नाही. नवा पाहुणा आला की आधी ती झाडून देतात. "आणि तुमचा माणूस ती ऑक्युपाइड धरतो? तसं केलं तर माझं हॉटेल पावसाळ्यातसुद्धा फुल्ल!" प्रोजेक्ट मॅनेजरला दोन स्लाइड करूनही जे कळलं नव्हतं, ते यांना फोनवर कळलं.

आता उपाय. मला हवं होतं ते एवढंच, की राखणदाराने रेसिडेंटमधून लेझीफ्री वजा करावी. स्क्रिप्टमध्ये एका ओळीची भर. त्याहूनही बरं म्हणजे त्याने प्रोसेसकडे न बघता मशिनच्या 'अव्हेलेबल'कडे बघावं, कारण सर्व्हिस उठवायची ती मशीन वाचवायला, आकडा वाचवायला नव्हे. भाई तयार झाले नाहीत. त्यांचं म्हणणं, टॉपमध्ये दिसतो तोच आकडा क्लायंटचा कन्सल्टंट बघतो, ग्राफही त्याचाच काढतो. रात्री दोनला मी फोनवर त्याला व्हेकंट डर्टी समजावत बसू? नियम असा हवा, जो झोपेतून उठलेल्या माणसाला कळेल.

संध्याकाळ व्हायला आली होती, सगळ्यांना घर गाठायचं होतं. मॅनेजरने निकाल दिला: सर्व्हिसच्या फाइलमध्ये एक ओळ टाका, `गोडीबग=मॅडव्हडोन्टनीड=1`, म्हणजे गो पुन्हा जुनं 'डोन्टनीड' वापरेल, आणि विषय संपवा. ओळ टाकली. त्या रात्री ऑडिटनंतर आकडा सातशे एमबीच्या घरात उतरला, साडेदहाला राखणदार गप्प बसला, क्लायंटचा ग्राफ सुंदर दिसायला लागला. "लीक फिक्स्ड" असं मेलमध्ये गेलं. लीक नव्हतीच, पण मेल दुरुस्त करायला कोण जातो?

मी मनातून चिडलो होतो. कर्नलने इतकं शहाणपणाचं काम करायचं आणि आपण ग्राफ गोंडस दिसावा म्हणून ते बंद करायचं. चिडून मी नाईट ऑडिटचा वेळ दोन्ही प्रकारे मोजला, काहीतरी नुकसान दाखवता येईल म्हणून. आमच्या कामात फरक दिसला नाही. रात्रीतून एकदा मेमरी फुगते आणि एकदा उतरते. पानं सारखी सोडून परत घेणाऱ्या प्रोग्रामला जो फायदा होतो तो आमच्या नशिबात नव्हताच.

फेब्रुवारी 2021 मध्ये गो 1.16 आली. भाईंनी तिच्या रिलीज नोट्स मला पाठवल्या, एका परिच्छेदाखाली लाल रेघ ओढून. लिनक्सवर गो पुन्हा 'डोन्टनीड'वर परतली होती, कारण रेसिडेंटचा आकडा खऱ्या वापराच्या जवळ राहावा. खाली भाईंनी फक्त नमस्काराची खूण टाकली होती. भाषा बनवणाऱ्यांनीच राखणदारांपुढे हात टेकले म्हणायचे.

मग बरोबर कोण होतं? गोची पहिली निवड मला आजही तांत्रिकदृष्ट्या बिनचूक वाटते. पण सूचना देणारा प्रोग्राम आणि ऐकणारा कर्नल यांच्या करारात तिसरा माणूस कुठेच नव्हता, आणि सर्व्हिस मारण्याचा अधिकार नेमका त्या तिसऱ्याच्या हातात होता. नोव्हेंबर 2019 च्या लिनक्स 5.4 मध्ये आणखी दोन सल्ले आले, 'कोल्ड' आणि 'पेजआऊट'. बोलण्याची भाषा वाढते आहे. पण बाहेरून मोजणारा अजून टॉपच बघतो. कधी वाटतं भाईंचं बरोबर, जे दिसत नाही त्याचा भरवसा देऊ नये. आणि कधी वाटतं, दिसत होतं की, एसमॅप्समध्ये छापलेलं होतं, आपण बघितलं नाही.

आता आमचा गो कितीतरी पुढे गेलाय, त्या ओळीची गरज उरलेली नाही, पण ती फाइलमध्ये आहे. नवीन आलेली मुलं ती बघून विचारतात, काढू का? मी म्हणतो, भाईंना विचारा. राखणदाराला 'अव्हेलेबल' बघायला लावण्याचा माझा प्रस्ताव अजून विचाराधीन आहे.