आधी आज्ञा पाळली, मग संजीवन आलं

संजीवन, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत विश्वास पुन्हा जागा होणं, म्हटलं की आपल्याला मंडप, साउंड सिस्टिम, रात्रभराची प्रार्थना एवढंच आठवतं. पण केडगावचं बघा ना, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशन आश्रमात १९०५ साली मुली रडत रडत पापं कबूल करायला लागल्या ते सगळे सांगतात, पण त्याच्या आठ-नऊ वर्षं आधी दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या हे कोण सांगतं? बायबलमधलं वचन आहे, याकोब १:२७, अनाथ-विधवांचा समाचार घ्या, बाईंनी ते नुसतं वाचलं नाही, केलं. माझ्या आजीच्या शास्त्रात त्याच वचनाखाली पेन्सिलची रेघ आहे, पान पार पिवळं पडलंय. काल ते उघडलं आणि मागच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या काकू आठवल्या, महिना झाला चर्चला आल्या नाहीत, आणि मी अजून गेले नाहीये. आज संध्याकाळी जातेय.