चमचाभर साखरेतली वीज

परवा सकाळी चहात साखर घालताना सहज हिशेब मांडला. चमचाभर, म्हणजे सुमारे चार ग्रॅम साखरेत सोळा किलोकॅलरी ऊर्जा असते आणि तीच विजेच्या मापात मांडली तर अठरा वॅट-तासांच्या आसपास भरते. ओट्यावर चार्जिंगला लावलेल्या माझ्या मोबाइलची 5000 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी काठोकाठ भरली, तरी तिच्यात जवळपास एवढीच वीज मावते. म्हणजे चहाबरोबर मी रोज एक अख्खा मोबाइल पिऊन टाकतो आणि तरीही अकरा वाजता कचेरीत पेंगायला लागतो.

ही ऊर्जा थेट विजेच्या रूपात काढून घेण्याचे प्रयत्न नवे नाहीत. जपानच्या सोनी कंपनीने 2007 साली ग्लुकोजच्या द्रावणावर चालणारी बॅटरी दाखवली होती. तिचा मुठीत मावणारा एकेक घन 50 मिलिवॅट वीज देत असे आणि तसे चार घन जोडले की वॉकमन गाऊ लागे. आपल्या शरीरात होते तसेच या बॅटरीतही एन्झाइमे साखर फोडतात. फरक एवढाच, की त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन तारेतून फिरवून आणले जातात. मात्र एखाददुसऱ्या एन्झाइमावर भिस्त ठेवली, तर ग्लुकोजच्या एका रेणूतून दोनच इलेक्ट्रॉन हाती लागतात. रसवंतीवाल्याने ऊस चरकातून एकदाच काढून फेकून द्यावा, तसा हा प्रकार. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात पर्सिव्हल झांग यांच्या गटाने जानेवारी 2014 मध्ये जे काम प्रसिद्ध केले, त्यात तेच चिपाड दुमडून पुन्हा पुन्हा चरकात घालण्याची चिकाटी होती. 13 एन्झाइमांची साखळी लावून त्यांनी ग्लुकोजच्या प्रत्येक घटकातले सर्वच्या सर्व 24 इलेक्ट्रॉन काढून दाखवले. तीन वर्षांत अशी बॅटरी मोबाइलमध्ये येऊ शकेल, अशी आशाही तेव्हा व्यक्त झाली होती.

ती तीन वर्षे केव्हाच उलटली. साखरेचे कोठार मोठे असले, तरी त्याचे दार फार अरुंद आहे. त्या बॅटरीची सर्वाधिक शक्ती दर चौरस सेंटिमीटरला 0.8 मिलिवॅट होती. त्या हिशेबाने पाच वॅटच्या साध्या चार्जरची बरोबरी करायला साधारण कॅरमबोर्डाएवढा इलेक्ट्रोड लागेल. शिवाय एन्झाइमे हा नाशवंत माल आहे.

हे सगळे मी उत्साहाने वडिलांना सांगितले. ते सहकारी साखर कारखान्याचे जुने सभासद. मधुमेहामुळे स्वतः बिनसाखरेचा चहा पितात, पण दिवाळीची सवलतीची साखर आणायला न चुकता जातात. सगळे ऐकून घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘मग उसाचं बिल कोण देणार, कारखाना की बॅटरीवाला?’’

प्रश्न वाटतो तितका गमतीचा नाही. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, द्यावी, असा नियम असूनही दर हंगामात थकबाकीची ओरड होतेच. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे धोरण आले, तेव्हा कारखान्यांनी कर्जे काढून आसवन्या उभ्या केल्या. आणि डिसेंबर 2023 मध्ये साखर कमी पडेल या धास्तीने केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंदी घातली. आठवडाभरात ती थोडी सैल केली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये पुढील हंगामासाठी उठवली. साखर महागली की शहरातला ग्राहक रागावतो आणि पडली की ऊसवाला. या दोघांमध्ये उद्या मोबाइल हा तिसरा गिऱ्हाईक येऊन उभा राहिला, तर त्याच्याही वाट्याची साखर दिल्लीहूनच ठरेल.

वडिलांना एक गोष्ट मात्र मी जरा चाचरतच सांगितली. झांग यांच्या बॅटरीत घातलेली ‘साखर’ आपली साखर नव्हतीच. ते होते माल्टोडेक्स्ट्रिन, जे स्टार्चपासून, अमेरिकेत प्रामुख्याने मक्यापासून, तयार करतात. आपल्याकडे इथेनॉलमध्येही अलीकडे मक्याने उसाला मागे टाकले आहेच.

‘‘मक्याची?’’ वडिलांनी कपबशी खाली ठेवली. ‘‘मग तिचा चेअरमन कोण?’’