आमची वाटचाल : २२ खुर्च्या

आमच्या हॉटेलात २२ खुर्च्या आहेत. उघडलं तेव्हाही २२च होत्या. मध्ये दीड वर्ष त्या ३८ झाल्या आणि तेव्हाच आम्ही बुडता बुडता वाचलो.

सुरुवातीला दोघं होतो. भागीदार भटारखान्यात, मी गल्ल्यावर. त्याची उमेदवारी निक्केई स्वयंपाकात झालेली. १८९९ साली जपानी मजुरांचं पहिलं जहाज पेरूला लागलं, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी तिथला मासा, तिथलं लिंबू आणि आपली सुरी एकत्र आणली, तो हा स्वयंपाक. पाटीवर ‘फ्यूजन’ लिहायचा हट्ट माझा. तो म्हणाला, ‘लिही. पण कशात काय मिसळलं ते गिऱ्हाईक विचारेल, का मिसळलं ते मी विचारणार.’ आणि खरोखर विचारायचा. टोमॅटोच्या सॉसमध्ये आम्ही कात्सुओबुशीचं, म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाचं, पाणी घालतो, ते नवल म्हणून नाही. कोंबू या समुद्री शेवाळाच्या चवीमागे ग्लुटामेट नावाचं द्रव्य आहे हे जपानी रसायनशास्त्रज्ञ इकेदांनी १९०८ मध्ये दाखवलं. सुकवलेल्या बोनिटोतलं इनोसिनेट, तसंच दुसरं चवीचं द्रव्य, त्यांच्या शिष्याने १९१३ मध्ये. दोन्ही एकत्र आली की चव बेरजेने नाही, कितीतरी पटींनी वाढते. पिकल्या टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर. मग त्याची सोयरीक बोनिटोशी लागणारच. आमच्या मेनूवर यायला प्रत्येक पदार्थाला असं एक कारण दाखवावं लागे.

त्याचा जीव सुरीवर. यानागिबा, लांब पात्याची, एकाच बाजूने धार. तिरादितो म्हणजे कच्च्या माशाचे पातळ काप, वर लिंबू. तो काप एका ओढीत निघायला हवा. करवतीसारखी पुढेमागे केली की मांस फाटतं, आणि फाटलेल्या जागी लिंबू आधी घुसतं. रोज रात्री भांडी झाली की धारेचे दगड पाण्यात पडायचे, १००० नंबरचा आणि ६००० चा. अर्धा तास फक्त त्या घासण्याचा आवाज. मशीनवर धार लावून घेणाऱ्यांशी माझं भांडण नाही. फक्त अशी सुरी एकदा तिथे द्या, पुढच्या खेपेला नवीच विकत घ्यावी लागेल.

आठ नंबर टेबलावर दर गुरुवारी एक गृहस्थ येत. जन्मभर जहाजावर स्वयंपाकी होते, बंदराबंदरांत जेवलेले. पोरं त्यांना नावाने ओळखत नव्हती, ‘आठ नंबर आले’ एवढंच. कौतुक कधी केलं नाही. पहिल्याच महिन्यात मला बोलावून म्हणाले, ‘मासा लिंबात झोपवताय तुम्ही. तोंड धुऊ द्या आणि बाहेर काढा.’ आम्ही वेळ निम्म्यावर आणली. त्यांचंच बरोबर होतं.

मग समोर ‘ते’ आलं. नाव घेत नाही. झगमगाट, ड्राय आइसचा धूर, फोटो काढायला वेगळा कोपरा. आमचीच मक्याच्या टॉर्टियावरची (मेक्सिकोची पातळ भाकरी) तिरादितो तिसऱ्या महिन्यात त्यांच्याकडे धुरातून येऊ लागली. रांग त्यांच्या दारात, माश्या आमच्या. इथे मी माती खाल्ली. शेजारचा गाळा घेतला, १६ खुर्च्या टाकल्या, १४ पदार्थांचा मेनू ६१ वर नेला. सुशी, पास्ता, टाको, वर मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं, आइस्क्रीम. धंद्यातल्यांना पुढचं सांगायला नको. भटारखान्यातून ताटं बाहेर जातात त्या खिडकीवर ऑर्डरच्या चिठ्ठ्यांची लांबच लांब माळ, बारा मिनिटांचं ताट चाळीस मिनिटांवर, आणि रोज रात्री सात-सात सॉस मोरीत. कच्चा वाढायचा मासा उणे २० अंशांवर सात दिवस ठेवावा लागतो, कृमी मरायला तेवढे लागतात. पण ६१ पदार्थांच्या सामानाने फ्रीझर असा कोंबला की माशाला जागाच उरली नाही. म्हणून कच्चा मासाच मेनूवरून काढला. ज्यासाठी दुकान उघडलं, तेच.

मक्याचंही तसंच झालं. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर मुरवायचा, सकाळी साल चोळून काढायची, मग दळायचा. दहा किलोला शंभर ग्रॅम चुना. चुना साल सोडवतो, त्यानेच पीठ धरतं. नुसत्या मक्याच्या पिठाची टॉर्टिया हातातच फुटते. ‘रात्रभर कोण बसतंय’ म्हणून मी तयार पाकिटं आणली.

भागीदार दोन महिने बोलला नाही. मग एका सोमवारी आला नाही, मंगळवारी समोर दिसला. पांढऱ्या कोटात. सुऱ्या घेऊन गेला, दगड मात्र बादलीत तसेच. चार महिन्यांचं भाडं थकलेलं, मासेवाला रोख मागायला लागलेला, आणि हा समोरून हात हलवतोय. लोक म्हणतात, विसरा आता. चूक माझी होती हे मला कळतं. तरी निदान सांगून जायचं होतं.

त्या गुरुवारी आठ नंबरनी ताट अर्धं टाकलं. पहिल्यांदाच. मी जवळ गेलो तर म्हणाले, ‘हे समोर मिळतं की.’

रात्री मेनू फाडला. बारा पदार्थ ठेवले. गाळा सोडला, खुर्च्या विकल्या, त्या पैशांत मासेवाल्याची उधारी फेडली. दगड बादलीतून काढले आणि धार लावायला शिकलो, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, बोटं कापून घेत. आठ नंबरनी मदत वगैरे काही केली नाही. पुढच्या गुरुवारी आले, एवढंच.

कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. तेरावा पदार्थ घालायचा असेल तर बारांतला एक आधी काढा. एका ताटात दोन मुलखांची चव नांदते, तिसरी आली की भांडण लागतं. आणि जेवायला जाणाऱ्यांनो, पदार्थाच्या नावापेक्षा सॉसची यादी लांब असेल तर पाणी पिऊन उठा. धूर आला तर पाणीही पिऊ नका.

नंतरची सात वर्षं बरी गेली.

समोरचं अजून चालू आहे, रांगही असते. मागच्या महिन्यात आमच्या पोराला तिथे जेवायला पाठवलं. काप सुरेख होते म्हणाला, ते असणारच, हात कुणाचा आहे. पण टॉर्टिया उचलली की मधोमध भेग जाते. चुन्याचं मी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि त्याला मक्यात कधीच रस नव्हता.