आमची वाटचाल : पंप, नोजल आणि दोन रिटायर्ड ईएमईवाले

ईएमईतून, म्हणजे फौजेच्या गाड्या-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या कोअरमधून, सतरा वर्षं करून बाहेर पडलो तेव्हा गावात जो भेटेल त्याचा एकच प्रश्न, आता सिक्युरिटी की बँक? फौजी रिटायर झाला की एटीएमच्या दारात स्टूल टाकून बसणार हे आमच्या बेळगावात ठरलेलंच. मला ते करायचं नव्हतं. हातात व्हेईकल मेकॅनिकचा ट्रेड होता, फंड-ग्रॅच्युइटीचे पैसे होते आणि पार्टनर होता, खानापूरकडचा, तो पण ईएमईच पण रिकव्हरीवाला, म्हणजे बंद पडलेल्या गाड्या ओढून काढणारा. 2003 ला उद्यमबागेत शेड भाड्यानं घेतलं, कोल्हापूरहून सेकंडहँड टेस्ट बेंच, म्हणजे पंप तपासायचं मशीन, आणलं आणि इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप आणि ते आत फवारणारं नोजल, यांच्या दुरुस्तीचं काम चालू केलं.

एक सांगतो. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर 1922 पासून, त्यामुळे घरटी एक इन्फंट्रीवाला काका, आणि त्यांच्या मते वर्कशॉपवाले म्हणजे मागं बसून चहा पिणारे. अहो काका, तुमची गाडी वर चढली कशी? लेह 11,500 फुटावर, हवेत ऑक्सिजन खालच्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी, म्हणजे डिझेल तेवढंच आणि हवा अपुरी, गाडी काळा धूर ओकते आणि ओढत नाही. थंडीत डिझेलमध्ये मेण धरतं, पहिला फिल्टर चोक होतो, मग पहाटे इंजिनाच्या तळातल्या ऑइलच्या टाकीखाली स्टोव्ह लावून ऑइल पातळ करा आणि तेवढ्यात कुणीतरी साहेब विचारणार, गाडी अजून स्टार्ट का नाही. शक्तिमान ट्रकचा पंप मी तिथं हातमोजे काढून खोललाय, कारण मोजे घालून तो बारका नट धरताच येत नाही, आणि मोजे काढले तर लोखंडाला कातडी चिकटते.

पार्टनरची गोष्ट तर वेगळीच. 1999 ला ऑपरेशन विजयमध्ये, म्हणजे कारगिलच्या लढाईत, तो द्रासच्या रस्त्यावर होता, वरून तोफेचे गोळे, म्हणून कॉन्व्हॉय रात्री, लाइट बंद करून. बंद पडलेली गाडी रस्ता अडवून उभी म्हणजे मागचे सगळे अडकले, तर ती अंधारात विंचनं बाजूला ओढायची, दोर कुठं ताणलाय ते हातानं चाचपून. आता दर 15 ऑक्टोबरला, ईएमईच्या कोअर डेला, आसपासचे जुने ईएमईवाले आमच्या शेडमध्ये जमतात, कुणी आर्मरर, कुणी रेडिओवाला, कुंदा येतो, चहा होतो, आणि हा तीच गोष्ट सांगतो. दरवर्षी चढ जरा जास्त तीव्र होतो पण असो.

धंदा आम्ही फौजेसारखाच लावला. भिंतीवर बोर्ड, प्रत्येक पान्याचा आकार त्यावर पेंटनं काढलेला, संध्याकाळी एक जागा रिकामी दिसली तर शटर खाली नाही. नवीन पोरगा आला की पहिला महिना फक्त धुणं. पंपातली प्लंजर-बॅरलची, म्हणजे दट्ट्या आणि त्याच्या नळीची, जोडी मायक्रॉनमध्ये बसवलेली असते, एकाचा प्लंजर दुसऱ्यात घातला की पंप गेला. नोजल टेस्टरचा दांडा दाबला की फवारा धुक्यासारखा बारीक पडला पाहिजे आणि कर्र आवाज आला पाहिजे, धार लागली किंवा टोकाला थेंब लोंबला तर पास नाही. आणि पोरांनो, फवाऱ्यात बोट घालू नका, डिझेल कातडीतून आत जातं, वरून टोचल्यासारखं दिसतं आणि बोट कापायची वेळ येते.

आठ वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग पुढच्या क्रॉसवर एकानं दुकान टाकलं. नाव घेत नाही. आमच्याकडचीच दोन पोरं पळवली, रेट आमच्या निम्मा, डुप्लिकेट एलिमेंट (तीच प्लंजर-बॅरलची जोडी) घालायचा आणि पंपाचं सील तोडून स्क्रू फिरवून डिझेल जास्त सोडून द्यायचा. गाडी चोर्ल्याचा घाट तिसऱ्या गिअरला चढायला लागली, ड्रायव्हर खूश, मालक खूश. आम्हाला काय म्हणायचे, मिलिटरीवाले टाइम लै खातात. त्याच वर्षी एका ऊसवाहतूक कॉन्ट्रॅक्टरनं अख्ख्या सीझनचं बिल बुडवलं, नवीन बेंचचा बँकेचा हप्ता अंगावर. पगार पेन्शनमधून दिले. घरी सोनं गहाण पडलं. शेवटी बेंच विकायला काढलं, कोल्हापूरचा एकजण बघायला आला, मापं घेऊन गेला, आणि त्याच आठवड्यात त्या शेजाऱ्याचा एका फंक्शनमध्ये ‘उत्कृष्ट उद्योजक’ म्हणून शाल-नारळ देऊन सत्कार! फोटोत मागच्या रांगेत मी पण आहे, जेवायला गेलो होतो.

वाचवलं ते हुक्केरीच्या एका लॉरीमालकानं. कन्नड माणूस, मराठी आमच्यासारखीच मोडकी. येऊन म्हणाला, “फौजीसाहेब, बेंच इकुलालाय म्हणे? माझ्या गाड्या कुठं नेऊ मग?” आणि सगळ्या गाड्यांच्या पंपांचा अॅडव्हान्स टेबलावर ठेवला, पावती पण नको म्हणाला. (मी दिली. पावतीशिवाय पैसा घेऊ नका, मित्र असला तरी.) त्या पैशात दोन हप्ते निघाले. तोवर तिकडच्या गाड्यांचे पिस्टन जळायला लागले, डिझेल जास्त सोडलं की पिस्टनचं डोकं वितळणारच, त्याला काय पंचांग बघायला लागतंय? हळूहळू गिऱ्हाईक परत आलं. सगळं नाही आलं, आणि “तुमचंच बरोबर होतं” असं आजपर्यंत एकानंही म्हटलेलं नाही.

2017 ला बीएस-4, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम, सगळीकडे आलं, मग कॉमन रेलचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजेक्टरचं, मशीन घ्यावं लागलं, पार्टनर म्हणाला कॉम्प्युटर माझ्याच्यानं होत नाही, आता शेती करतो, 15 ऑक्टोबरला येतो. नवीन गाडीवाल्यांनो, फिल्टरमधलं पाणी वेळेवर काढत जा, एका इंजेक्टरच्या पैशात कितीतरी फिल्टर येतात.

मागच्या महिन्यात एक पोरगा सहा सिलिंडरचा पंप घेऊन आला, फेजिंग, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला डिझेल सोडायची वेळ, पूर्ण बिघडलेलं, पार्टीचं नाव विचारलं तर सांगेना. पंपावरचं सील बघूनच मी ओळखलं कुठल्या क्रॉसवरून आलाय. जॉब कार्ड केलं, व्यवस्थित कॅलिब्रेट करून दिला, रेट पूर्ण लावला. जीएसटीसकट.